वर्गातलं बोलणं

वर्गात एका बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी चारचौघांत सांगितली. तिच्या नावासकट सांगितली, आणि सांगताना मला बरं वाटलं. माझ्या नोकरीत याहून मोठ्या चुका झाल्या असतील, पण त्यांची कारणं मला देता येतात. या चुकीचं कारण एकच आहे : मला शाबासकी हवी होती.

एका ख्रिस्ती मासिकाच्या नाताळ अंकासाठी 'कामातले अनुभव' लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा हेच लिहायचं ठरवलं. बाकीचे अनुभव उपासनेत साक्ष देताना पुष्कळदा सांगून झाले आहेत. हा सांगितलेला नाही.

निजामाच्या राज्यात, महायुद्धाच्या काळात, मी मुरुमजवळच्या एका गावात मेथडिस्ट मंडळीचा सेवक होतो. वय चोवीस. हुद्दा वर्गपुढारी. लोक मास्तर म्हणत, कारण आठवड्यात चार दिवस सांजेला मी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत असे. त्या प्रौढवर्गाला सुरुवातीला चाळीस माणसं आली आणि पंधरवड्यात बारा उरली. गेलेल्यांना उर्दू शिकायची होती. पटवाऱ्याचा कागद उर्दूत, कचेरीची नोटीस उर्दूत. मराठी शिकून करायचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. राहिलेल्या बारांना शुभवर्तमान स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. निदान तसं ते म्हणत.

दुसरा वर्ग रविवारी दुपारी, उपासनेनंतर भरे. आमच्या मंडळीबाहेरच्या वाचकांना तो समजावून सांगायला हवा. मेथडिस्ट लोकांची ही जुनी रीत. दहा-बारा माणसांचा एक गट करायचा, त्यावर एक पुढारी नेमायचा. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी गोल बसायचं. पुढाऱ्यानं प्रत्येकाला नावानं विचारायचं, "या आठवड्यात तुमचं देवाशी कसं चाललं?" ज्यानं त्यानं आपल्यापुरतं उत्तर द्यायचं. शिक्षा नाही, दंड नाही. कुणी अडखळला तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. नव्या माणसाला आधी उमेदवार म्हणून घेत. त्याची तयारी झाली असं पुढाऱ्यानं सांगितलं की पाळकसाहेब त्याला पूर्ण सभासद करत, आणि तेव्हापासून तो प्रभुभोजनाच्या मेजाशी येऊन भाकर आणि प्याला घेऊ शके. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक नियम : वर्गातलं बोलणं वर्गातच राहतं. तो नसेल तर बाकीच्याला अर्थ नाही.

हा वर्ग चालवणं वाटतं तितकं सोपं नसतं. दानियल नावाचा एक शेतमजूर होता. त्याला विचारलं, की तो लगेच मांडी बदलून सुरू होई, "ह्या आठवड्यात हिनं लई तोंड चालवलं मास्तर. शेजारणीला काय काय बोलली."

"दानियल, ते त्यांचं झालं. तुमचं सांगा."

"माझं काय, म्या गप बसलो. गप बसणं काय पाप हाय?"

त्याची बायको तिथंच बसलेली असे. ती आपल्या पाळीला शांतपणे सांगे, "ह्यांनी माझी समदी पापं सांगून टाकली. आता माझ्याकडं काय उरलं न्हाय."

मल्लाप्पा म्हणून एक म्हातारे होते, चांभारकाम करायचे. ते आपली कबुली कानडीत देत. देवाला कानडी कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटे, लाजेपायी इतरांना कळू नये म्हणून ते असं करतात, आणि त्यांच्या लाजेचा मान राखावा म्हणून मी कधी अर्थ विचारला नाही. वर्षभरानं ध्यानात आलं, की तो मुलूख सीमेवरचा, वर्गातल्या प्रत्येकाला कानडी येत होतं. न येणारा मी एकटाच. बारा माणसांना ठाऊक असलेलं ते मला आजतागायत ठाऊक नाही, कारण एकानंही ते मला सांगितलं नाही. नियम कसा पाळायचा हे माझा वर्ग माझ्यापेक्षा चांगलं जाणत होता.

साळूबाई त्या वर्गातली. वय पन्नासच्या आसपास, विधवा, मुलगा-सून-नातू असं घर. प्रौढवर्गात ती सगळ्यांत सावकाश शिकली आणि शिकलेलं एकही अक्षर विसरली नाही. पाटी परवडत नसे म्हणून चुलीतली राख पसरून त्यात बोटानं काढी. वाचताना ओळीखाली बोट ठेवी, आणि शब्द लागेपर्यंत ते बोट पुढं सरकत नसे. दोन वर्षं ती उमेदवार होती. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, सगळं पाठ. येत्या प्रभुभोजनाला तिला पूर्ण सभासद करावं असं मी लिहून पाठवलं होतं.

त्याच सुमारास पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला ठाण्यावर बोलावलं. त्या दिवसांत कुणीही जमाव केला की सरकारच्या पोटात दुखे. त्यांनी विचारलं, दर हप्त्याला बारा-पंधरा लोक दार लोटून काय बोलतात?

मी सांगितलं, प्रत्येकजण आठवड्यात आपलं काय चुकलं ते सांगतो.

अमीनसाहेब हसले. "अपने कसूर आपीच बोलतैं? फिर हमना कायकू रखी सरकार?" मग हसणं थांबवून म्हणाले, "कौन क्या बोलता, लिखके देते जाओ. हर हफ्ते."

मी म्हणालो, "माफ करा साहेब. आमच्यात ते बाहेर सांगत नाहीत."

त्यांनी मला दुपारपर्यंत ओट्यावर बसवून ठेवलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी कंटाळून सोडून दिलं. गावात परत आलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती. साळूबाईनं घरून ताक आणून दिलं आणि एवढंच म्हणाली, "बरं केलं मास्तर." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पुढं जे झालं त्यात या अभिमानाचाही वाटा आहे. एकदा परीक्षा उत्तीर्ण झालो म्हणजे कायमचा झालो, असं मी धरून चाललो.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा निघे. लाकडाचा लहानसा गाडा. तो गावभर फिरवायचा, घराघरातून दहीभात ठेवायचा आणि शिवेबाहेर नेऊन सोडायचा. रोगराई त्याच्याबरोबर जाते ही समजूत. आमच्या लोकांनी त्यात भाग घ्यायचा नाही असं मंडळीनं बजावलेलं होतं, आणि मीही घरोघर जाऊन सांगितलं होतं. पाणी उकळून प्या हेही सांगितलं होतं. ते किती घरांत झालं देव जाणे. सरपण कुणाकडं होतं?

पुढच्या रविवारी वर्गात साळूबाईची पाळी आली. मी नेहमीसारखं विचारलं.

"नातवाला दोन दिस जुलाब व्हतं," ती म्हणाली. "तोंड सुकून बाभळीच्या शेंगेवानी झालं. येसूचं नाव घेत व्हते. दारावरनं गाडा चालला. म्या उठले आन दहीभात ठिवला. दोन्ही हातानं ठिवला, उगं खोटं कशाला बोलू. तवाबी तोंडात येसूचंच नाव व्हतं."

मग ती माझ्याकडं वळली.

"आता पोरगं बरं हाय. भाकर मागतंय. कुणी बरं केलं ते मला ठावं न्हाय. तुम्ही शिकल्याले हाव मास्तर. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "आपण प्रार्थना करू." उत्तर सुचलं नाही की आम्ही सेवक असंच करतो. मल्लाप्पा कानडीत काहीतरी पुटपुटले, आणि दानियलची बायको उठून साळूबाईच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी तो वर्ग जितका खरा होता तितका मी नंतर कुठंही पाहिला नाही. हे तेव्हाही मला कळलं होतं. घोळ तिथंच झाला.

दर तीन महिन्यांनी आसपासच्या सगळ्या सेवकांची सभा भरे. जिल्ह्याचे प्रमुख पाळकसाहेब अध्यक्ष असत. एकेकानं उभं राहून आपल्या कामाची हकिगत द्यायची. माझ्या आधी उभ्या राहिलेल्या सेवकबंधूनं किती घरांत प्रार्थना सुरू झाली, किती बाप्तिस्मे झाले ते सांगितलं, आणि साहेबांनी मान डोलावली. माझ्याकडं सांगण्यासारखं तसलं काही नव्हतं. बारा माणसं, तीच, तीन वर्षं. मग मी म्हणालो, माझ्या वर्गात माणसं संख्येनं थोडी, पण कशी मनमोकळी बोलतात याचं एक उदाहरण देतो. आणि दिलं. साळूबाईचं नाव, गाडा, दहीभात, दोन्ही हात. तिचे शब्दही तिच्याच ढंगात म्हणून दाखवले. काहीजण हसले. वाईट हसणं नव्हतं ते. मी सांगितलंच तसं छान.

साहेबांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाले, "वर्ग असा चालला पाहिजे." परतीच्या वाटेवर बैलगाडीत मी ते वाक्य मनात किती वेळा म्हटलं असेल.

तीन आठवड्यांनी साहेब प्रभुभोजन द्यायला गावात आले. साळूबाई पुढं बसली होती. युद्धामुळं कापड मिळत नव्हतं, म्हणून दानियलच्या बायकोचं ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. ज्यांना पूर्ण सभासद करायचं त्यांची नावं साहेबांनी वाचली. तिचं नाव त्यांत नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, की आपल्यातल्या एका बहिणीनं साथीच्या भयानं मूर्तीपुढं नैवेद्य ठेवल्याचं कळलं आहे. साळूबाईंना सहा महिने थांबावं लागेल, आणि मग सगळ्यांसमोर पश्चात्ताप करावा लागेल. आवाजात राग नव्हता. ते त्यांचं कर्तव्य करत होते. त्यांना दोष देणं मला कधी जमलं नाही. माहिती माझी होती.

साळूबाई उठली. साहेबांकडं तिनं पाहिलंही नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तर, म्या कुणाला सांगिटलं व्हतं?"

मी म्हणालो, "साळूबाई, नियम आहे."

सभेत बोलून गेलो ती चूक. हे दोन शब्द बोललो तो गुन्हा. त्या क्षणी 'माझं चुकलं' म्हटलं असतं, तर पुढची सहा-सात वर्षं वाचली असती, तिचीही. पण साहेब शेजारी उभे होते.

सहा महिने झाले. साहेबांनी निरोप पाठवला, की तिनं आता उभं राहून कबुली द्यावी, तिला घेतो. ती म्हणाली, "माझं म्या वर्गात सांगून झालंय. परत कशाला?" ती रविवारी उपासनेला येत राहिली. मागं, बायकांच्याही मागं, दाराशी बसे. गीतं म्हणे. भाकर आणि प्याला पुढं आला की उठून घरी जाई. वर्गात मात्र परत आली नाही.

वर्ग चालूच होता. दर रविवारी मी विचारी आणि दानियल म्हणे, "बरं चाललंय." त्याची बायको म्हणे, "बरं चाललंय." उरलेल्या अकराच्या अकरा माणसांचं देवाशी बरं चाललं होतं. मल्लाप्पांनी कानडी सोडली, तेही मराठीत म्हणू लागले, "बरं चाललंय." वर्ग पंधरा मिनिटांत आटपे. हकिगतीत मी लिही, की हजेरी उत्तम आहे. ते खरंच होतं.

मग माझी बदली येडशीला झाली. मी मागितली होती, हेही सांगून टाकतो.

येडशीला दोनेक वर्षं गेल्यावर मी साळूबाईला पत्र लिहिलं. मोठ्या अक्षरात, सुटं सुटं, तिला वाचता येईल असं. चार पानं भरली. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये एवढी काळजी मी घेतली होती, आणि त्याचंही मला कौतुक वाटलं होतं. उत्तर आलं नाही. पुढं दानियल कुठल्याशा कामासाठी आगगाडीनं आला आणि स्टेशनवर भेटला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, पत्र पोचलं का?

"पोचलं की. तीन दिस लावून वाचलं तिनं. येक बी अक्षर सोडलं न्हाय."

"काय म्हणाल्या?"

दानियल जरा घुटमळला. "म्हणली, मास्तरनं वाचाय शिकिवलं ते लई बरं झालं. चार पानं वाचून काढली. पर चुकलो म्हणून कुठं लिवल्यालं घावलं न्हाय."

"असं कसं? मला फार वाईट वाटलं असं तिसऱ्या पानावर लिहिलंय मी."

"वाईट तर समद्यांलाच वाटलं, मास्तर," दानियल म्हणाला आणि पटका सारखा करत गाडीकडं गेला.

घरी येऊन मी ते पत्र आठवून पाहिलं. मंडळीची शिस्त, माझं तरुण वय, माझा हेतू, देवाची योजना. सगळं होतं. तिनं बरोबर वाचलं होतं.

लगेच निघायला हवं होतं. निघालो नाही. मग रझाकारांचे दिवस आले, रस्ते धोक्याचे झाले, आणि मला घरी बसायला चांगली सबब मिळाली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रस्ते उघडले. सबब संपली. एका शनिवारी मी मुरुमला उतरलो आणि तिथून चालत गावात गेलो.

साळूबाई अंगणात करडई पाखडत होती. डोक्याचे केस पार पांढरे झाले होते. मला पाहून सूप थांबलं नाही.

"सलाम, साळूबाई."

"सलाम. बसा. भूस उडतंय, वाऱ्याच्या अंगाला बसू नगा."

मी बसलो. वाटेनं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तिनं सूप खाली ठेवलं.

"मला एकलीला सांगून काय व्हनार मास्तर? माझं नाव अंगणात न्हाय घेतलं कुणी. ज्यांनी ऐकलं त्यी माणसं तिकडं बसत्यात." तिनं आमच्या उपासनेच्या देवळाच्या दिशेनं हात केला. "उद्या ऐतवार हाय."

"उद्या बोलतो."

"बगा," ती म्हणाली. "जमंल का तुमाला?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर शंका होती.

गावात आता दुसरे पाळक होते, माझ्याहून लहान. संध्याकाळी त्यांना भेटलो. ते म्हणाले, "त्यांचं नाव अजून उमेदवारांत आहे. सगळ्यांत जुन्या उमेदवार. मी त्यांना उद्यासुद्धा घेईन, काही वदवून न घेता. पण त्याच उठून जातात." उपासनेत बोलायची परवानगी त्यांनी दिली. उद्या प्रभुभोजनही होतं.

रविवारी उपदेश झाल्यावर त्यांनी मला पुढं बोलावलं. दानियल होता, त्याची बायको होती. मल्लाप्पा दोन वर्षांपूर्वी गेले होते. बरेच चेहरे नवे. साळूबाई दाराशी, उंबऱ्याला पाठ लावून. मेजावर भाकर आणि प्याला पांढऱ्या कापडानं झाकून ठेवलेले होते.

मी बोलू लागलो. "बंधुभगिनींनो, मनुष्य दुर्बळ आहे. आपण सर्वच चुकतो. अनेक वर्षांपूर्वी या मंडळीत माझ्या हातून काही उणीव राहिली असेल, तर..." माझ्या कानाला ते चांगलं ऐकू येत होतं. उपदेश करून करून आवाजाला एक वळण लागतं, ते आपोआप येतं.

"मास्तर," दाराशी बसलेली साळूबाई म्हणाली, "मागं ऐकू येत न्हाय."

खरंच ऐकू येत नव्हतं की काय, ते मी तिला नंतरही कधी विचारलं नाही. सगळी डोकी मागं वळली, आणि परत माझ्याकडं. पाठ केलेलं सगळं त्या अवधीत निघून गेलं. मी मेजाच्या बाजूनं पुढं आलो, बायकांच्या रांगांपर्यंत गेलो, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो :

"साळूबाई, तुम्ही वर्गात सांगितलेलं मी बाहेर सांगितलं. लोकांनी मला बरं म्हणावं म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलंत तेव्हा नियमाच्या आड लपलो. माझं चुकलं. मला माफ करा."